देवळी नगराचा पूर्ववृत्तान्त

वर्धा शहराच्या नैऋत्येस, यवतमाळच्या वाटेवर, देवळी हे लहानसे नगर वसले आहे. त्याचा पूर्ववृत्तान्त वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. राजांच्या लढायांचे वर्णन पुष्कळांनी केले; परंतु शेतकऱ्याच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या अशा नगरांची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही.

येथील भूमी काळी असून ओलावा दीर्घकाळ धरून ठेविते. म्हणून कापूस, ज्वारी व तूर ही येथील मुख्य पिके होत. पश्चिमेस वर्धा नदी वाहते. सन १८०३ च्या देवगावच्या तहाने नदीपलीकडील वऱ्हाड निजामाकडे गेला व अलीकडील हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे राहिला. सन १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हा इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. पुढे सन १८६२ त नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा निराळा काढण्यात आला.

त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) विलायतेस तिकडील कापूस मिळेनासा झाला व आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला. सन १८६७ त लोहमार्ग नागपुरास पोहोचला. मात्र तो देवळीस न येता उत्तरेकडून, पुलगाव व दहेगावावरून, वर्ध्यास गेला. तरीही देवळीचा व्यापार खुंटला नाही. बैलगाड्यांची रीघ चालू राहिली, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. सन १९०१ त येथील वस्ती सुमारे ५ हजार होती. सन २०११ च्या शिरगणतीत ती १९ हजारांच्या घरात गेली.

परंतु बाजार वाढला म्हणून पिकविणारा सुखी झाला, असे मात्र म्हणता येत नाही. कोरडवाहू शेतीत पेरणीस कर्ज काढावे, पावसाची वाट पाहावी, आणि माल हाती येताच दूरदेशी ठरलेल्या भावाने तो विकावा, हाच क्रम. यावर उपाय म्हणून सन १९७२ त राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. ती योजनाही टिकली नाही. सन २००२ त बीटी बियाण्यास परवानगी मिळाली. बियाण्याचा खर्च वाढला, पावसावरील भिस्त तशीच राहिली. अखेर सन २००६ त, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस केंद्र सरकारने विशेष साहाय्य दिले, त्यांत वर्धा जिल्हाही होता.

दिनांक २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब लोहमार्ग खुला झाला आणि दीडशेहून अधिक वर्षांनी आगगाडी देवळीस आली. ही गोष्ट आनंदाची खरी. तथापि ज्याच्या कापसाने हे नगर उभारिले, त्याच्या अंगणात त्या कापसाचे योग्य मोल पोहोचणे अद्याप राहिलेच आहे. नगराचा उत्कर्ष मोजताना हे देणे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे, इतकीच आमची विनंती.