पेटीला एक तार

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच पोरांनी रॉक बँड काढला. नाव ‘द हेक्टिक्स’. चारेक वर्षं शाळेच्या समारंभात वाजला आणि पोरं पांगली. रेकॉर्ड एकही निघाली नाही. तरी नाव उरलं. कारण पियानोवरचा फरोख बलसारा पुढं इंग्लंडला गेला, १९७० ला ‘क्वीन’ उभा राहिला आणि फरोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

मी हडपसरचा. आमच्याकडं म्हणतात, रॉक म्हंजे बंगलेवाल्यांच्या पोरांचं. त्याच्याशी आपला काय संबंध?

संबंध आहे. त्या बँडमधला फारंग इराणी काय वाजवायचा? चहाचं रिकामं लाकडी खोकं. खोकं उपडं घालायचं, वर काठी, काठीला एक तार. काठी ताणली की सूर चढतो. आपलं तुणतुणंच की हे! वाद्य घ्यायला पैसा नसलेल्या विलायती पोरांनी १९५६ च्या आसपास हे खोकं गाजवलं. त्यांच्याही आधी अमेरिकेतल्या काळ्यांनी मडकी फुंकली, कपडे धुवायच्या फळ्या खरवडल्या.

गाणी तरी कुणाची? फॅट्स डॉमिनोची, लिटल रिचर्डची. दोघंही काळे. रिचर्ड जॉर्जियातल्या मेकनच्या बस स्टँडवर भांडी घासायचा. १९५५ ला त्याचं ‘टुटी फ्रुटी’ आलं. लगेच पॅट बून या गोऱ्या गायकानं तेच गाणं म्हटलं आणि ते यादीत रिचर्डच्या वर गेलं. घाम एकाचा, नंबर दुसऱ्याचा. ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

इकडं १९५२ ला नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवली. शास्त्रीय संगीत ऐकवून जनतेचे कान सुधारायचे होते. जनतेनं काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच सिलोनवरून इंग्रजी गाणीही येत. भांडी घासणाऱ्याचा आवाज असा घराघरांत शिरला. डोंगरावरच्या महागड्या शाळेतही पोचला.

बाकीच्यांचं काय झालं? मुख्य गायक ब्रूस मरे होता, फरोख नव्हे. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मध्ये तो दिसतो. ड्रमवाला व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात जनरल झाला आणि १९९९ ते २००१ सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा प्रमुख होता. खोकंवाल्या इराणीनं पुण्यात हॉटेल चालवलं. आज या चौघांची आठवण निघते ती मर्क्युरीच्या चरित्रातल्या एखाद्या पानापुरती. एक दोस्त मोठा झाला म्हणून ते पान तरी मिळालं.

आपल्या वस्त्यांतल्या पार्ट्यांचं काय? जयंतीला रात्ररात्र गायलेले, दिवसा कारखान्यात राबलेले, ढोलकी फुटली तर उसनी आणलेले. त्यांच्यातला कुणी मर्क्युरी झाला नाही. मग त्यांची नावं कोण लिहिणार? भीमराव कर्डकांनी वाट दाखवलीय. १९३० च्या दशकात त्यांनी जलसा गावोगाव नेला, आणि म्हातारपणी त्याचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला. मोठ्या माणसाच्या चरित्रात आपल्याला पान मिळंल, म्हणून ते थांबले नाहीत.

तुणतुणं आपल्याकडं होतंच. आता वही धरा. गायला कोण, ढोलकीवर कोण, तार कुणी छेडली, साल कोणतं, चौक कोणता. सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, तोवर लिहा.