सोमेश्वराचा ‘मत्स्यविनोद’ आणि गळाचें आमिष

यवतमाळ जिल्ह्यांतील डोंगरगांव येथील शके १०३४ (इ. स. १११२) चा संस्कृत शिलालेख अभ्यासकांस परिचित आहे. परमारवंशीय जगद्देव हा कुंतलाधीशाच्या, म्हणजे कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या, आश्रयास आला, हें त्यावरून कळतें. अशा लेखांचा विचार बहुधा राजवंश, दान व मिती एवढ्यापुरताच होतो. परंतु ज्या राजकुलाचा प्रभाव या प्रांतांत पोंचला होता, त्याच कुलांतील पुढील राजानें माशांस काय चारावें व ते गळानें कसे धरावे, याचेंही शास्त्र लिहून ठेविलें आहे. त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा शके १०५१ (इ. स. ११२९) मधील ग्रंथ. पांच विंशति व शंभर अध्याय असा त्याचा विस्तार आहे. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा प्रथम भाग बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९२५ सालीं निघाला. यांतील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणांत मासे समुद्रांतले कीं नदींतले, खवल्यांचे कीं बिनखवल्यांचे, मोठे कीं लहान, असे वर्ग पाडिले आहेत. कोणास पिठाचे गोळे तर कोणास मांस, असा जातीपरत्वें आहारही तेथें सांगितला आहे. गळाचा विचार याच प्रकरणांत येतो. ज्यास माशाचा आहार ठाऊक, त्यासच आमिष साधतें, हें या प्रकरणाचें मर्म होय.

आमिषांत गळ लपविण्याची कल्पना आपल्या वाङ्मयांत जुनीच आहे. उद्योगपर्वांत विदुर उत्तम भक्ष्यानें झांकलेला लोखंडी गळ गिळणाऱ्या माशाचा दृष्टान्त देतो. शाकुन्तलाच्या सहाव्या अंकांतील धीवरही जाळें व गळ हीं आपल्या उपजीविकेचीं साधनें म्हणून सांगतो. परंतु तेथें गळ प्रसंगापुरता येतो. सोमेश्वरानें त्यास शास्त्राचा विषय केलें, हा त्याचा विशेष.

या शास्त्राची सत्यता आजही पडताळतां येते. नदीच्या संथ डोहांत मासा वासानें चाऱ्याकडे येतो. म्हणून कणकेचा गोळा पाण्यांत लवकर विरघळूं नये असा घट्ट मळावा लागतो. मरळ मांसाहारी, तिला जिवंत बेडूक किंवा लहान मासा हवा. समुद्रांत रीत निराळी. तेथें सुरमईसारखा मासा भक्ष्य पाहून झडप घालतो. म्हणून चालत्या होडीमागें तारली किंवा बांगडा सबंध ओढावा लागतो. त्याचें तोंड शिवून बंद करितात, नाहींतर आंत पाणी शिरून तो फाटतो. कणा वांकवून सैल करितात, म्हणजे तो जिवंत माशासारखा हालतो. दोरीचा ओढा नाकाच्या सरळ रेषेंत नसेल तर आमिष गरगर फिरतें, दोरीस पीळ पडतो व मासा बिचकतो. डोह असो वा समुद्र, तत्त्व एकच: आमिष हें माशाच्या नित्याच्या भक्ष्यासारखें दिसलें व वागलें पाहिजे.

प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत या प्रकरणाचा परामर्श घेतला. तथापि संस्कृत मत्स्यनामांची ओळख केवळ कोशावरून पटत नाहीं. पंडितास शब्द कळतो, भोयास मासा कळतो. दोघांची गांठ पडल्यावांचून अर्थ लागत नाहीं. पैनगंगेवर इसापूर व बेंबळा नदीवर बेंबळा हीं धरणें झालीं. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचें बीज सोडलें जाऊं लागलें. जुने डोह बदलले, कीं त्यांतील मासे, त्यांचीं नांवें व त्यांस लावावयाचा चारा, यांची माहितीही मागें पडते.

ताम्रपट भूमींत शतकें टिकतो. ही विद्या मनुष्याबरोबर जाते. यास्तव वर्धा व पैनगंगा यांच्या कांठच्या वृद्ध भोई व ढीवर मंडळींकडून प्रत्येक माशाचें नांव, त्याचा आहार व गळास लावण्याचा चारा यांची टिपणें तरुण अभ्यासकांनीं सत्वर करावीं, अशी आमची विनंती आहे. सोमेश्वराच्या ग्रंथावरचें उत्तम भाष्य त्यांतूनच सिद्ध होईल.