आईबापांनी उभारलेला आधार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजघराणी उभी राहतात. आज आम्ही ज्या लढ्याची हकीकत सांगणार आहोत तीत ना तलवार, ना सिंहासन. त्यातले शिपाई म्हणजे साधे संसारी आईबाप. डाऊन सिंड्रोम असलेले मूल घरात जन्मले म्हणजे त्या घराने आधार कोठे शोधावा, हा ह्या लढ्यातला प्रश्न.

ह्या अवस्थेला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. जॉन लँग्डन डाऊन इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या अर्ल्सवुड येथील आश्रयगृहाचे वैद्यकीय अधिकारी होते. १८६६ साली त्यांनी ह्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. निरीक्षण बारीक होते. परंतु चेहरेपट्टीवरून त्यांनी मुलांना मंगोल वंशाचे नाव चिकटविले आणि ते पुढे शंभर वर्षे सुटले नाही. माणूस मात्र दयाळू होता. १८६८ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी मेरी यांनी लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड ही संस्था काढली व तेथे मुलांना शिकविण्यास आरंभ केला. पुढे १९०५ साली त्यांच्याच घराण्यात जो नातू जन्मला, त्यालाही हाच सिंड्रोम होता! त्या घराच्या हाती निदान एक संस्था तरी होती. इतरांपुढे दोनच वाटा होत्या : मूल आश्रयगृहात सोडावे, नाही तर घराच्या आतल्या खोलीत ठेवावे.

विसावे शतक अर्धे सरत आले तरी कायदा काही निराळे बोलत नव्हता. इंग्लंडचा १९४४ चा शिक्षण कायदा फार उदार म्हणून गाजला. परंतु त्याच कायद्याने एखादे मूल शाळेत शिकण्यास अपात्र आहे असे ठरविण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांना दिला होता. तसा कागद घरी आला की शाळेचे दार बंद. हा कागद हाती घेऊन बसलेल्या आईला शेजारच्या गल्लीत तसाच कागद आला आहे हे ठाऊक नसे. दुःखापेक्षा हे एकटेपणच अधिक जाचत असले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

ते एकटेपण फोडले एका पत्राने. ज्यूडी फ्राइड ह्या बाईंची मुलगी अशीच शाळेबाहेर राहिली होती. तिची अवस्था डाऊन सिंड्रोमची नव्हती, पण कागद तोच. १९४६ साली बाईंनी एका बालसंगोपनविषयक नियतकालिकात पत्र लिहून समदुःखी पालकांना हाक घातली. ठिकठिकाणच्या मातांची उत्तरे आली आणि त्यांतून पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज ती मेनकॅप ह्या नावाने ओळखली जाते.

नुसत्या गाऱ्हाण्यांनी सरकार हलत नाही, पुरावा लागतो. तो १९५८ पासून जॅक टिझार्ड ह्या मानसशास्त्रज्ञांनी दिला. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातली १६ मुले त्यांनी ब्रुकलँड्स नावाच्या घरात नेली; लहान लहान गट केले, खेळ दिला, माया करणारी माणसे दिली. दोन वर्षांत ही मुले भाषेच्या बाबतीत रुग्णालयातच राहिलेल्या तशाच १६ मुलांच्या बरीच पुढे गेली. उणीव केवळ मुलांत नव्हती, भिंतींतही होती, हे सिद्ध झाले. अखेर १९७० साली नवा कायदा झाला आणि कोणतेही मूल शिक्षणास अपात्र नाही असे मान्य झाले. कागद रद्द होण्यास २६ वर्षे लागली.

दरम्यान शास्त्रानेही एक ओझे उतरविले. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेजन, मार्थ गोतिये व रेमों त्युर्पँ यांनी दाखवून दिले की ह्या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. बहुतेक वेळा हा पेशीविभाजनातला निव्वळ अपघात असतो. आईचे पाप, घराण्याचा दोष, ग्रहणाची सावली ह्या सर्व समजुती तेथेच निकालात निघायला हव्या होत्या. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी जुने वंशवाचक नाव टाकण्याची सूचना केली, आणि १९६५ साली खुद्द मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे तीच मागणी केली.

आपल्याकडे काय घडत होते? ज्या १९४४ साली तिकडे तो कायदा झाला, त्याच वर्षी मुंबईत वकील दांपत्याने आपल्या जय नावाच्या मुलीला शाळा मिळेना म्हणून घरातच वर्ग सुरू केला. जयला डाऊन सिंड्रोम होता. त्या वर्गातून वाढलेली जय वकील शाळा आज शिवडीला उभी आहे. एकीकडे राज्यसत्ता दार लावीत होती, तर दुसरीकडे आईबाप आपल्या घराचे दार दुसऱ्यांच्या मुलांसाठी उघडीत होते.

मात्र प्रश्न आता पालटला आहे. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ह्या मुलांचे सरासरी आयुष्य अवघे ९ वर्षांचे होते. आज प्रगत देशांत ते साठीच्या घरात गेले आहे. पूर्वी आईबाप मुलाला पोचवीत; आता मूल आईबापांच्या मागे राहते. "आमच्या पश्चात ह्याचे कोण?" हा आजचा खरा प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना सज्ञान झाल्यावरही पालक नेमून देण्याची सोय केली. त्यासाठीच्या स्थानिक समितीत जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांबरोबर नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला जागा आहे, आणि अशी संस्था पालकांचीही असू शकते.

ही जागा कोणी दान दिलेली नाही. पत्रे लिहून, वर्ग चालवून, पुरावे मांडून आईबापांनी ती मिळविली आहे. परंतु कायदा पालक नेमू शकतो, शेजारी नेमू शकत नाही. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर लग्नमुंजीचे आमंत्रण देताना त्या मुलाचे नाव घेऊन, "त्यालाही घेऊन या" एवढे म्हणावे. आतल्या खोलीचे दार त्या शब्दाने उघडते.