लाईट गेल्यावरचे दहा सेकंद

आमच्या वळसंगकडच्या पाहुण्यांना लोडशेडिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २००५ नंतरची ती वर्षं आठवा. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, विजेची मागणी वाढत चालली होती, ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि खेड्यापाड्यांत तासन् तास लाईट नसायची. घरात आपण कंदील लावून भागवलं. पण दवाखान्यात?

खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी असतात. १९८५ ला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये जपणं हे मोठंच काम होऊन बसलं. त्यासाठी वरून झाकण उघडणारी, आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर असलेली पेटी वापरतात. तिला आयएलआर म्हणतात. चोवीस तासांत ८ तास वीज मिळाली तरी तिचं भागतं. मला या पेटीचं फार कौतुक वाटतं. लाईट जाणारच, हे धरूनच ती बनवली आहे!

व्हेंटिलेटरला मात्र बर्फाचा उपयोग नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयात डिझेल जनरेटर आला. तो आपोआप सुरू होणारा असला तरी इंजिन चालू होऊन लोड घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तेवढा वेळ बॅटरीवरचा यूपीएस सांभाळतो. म्हणजे आधी बॅटरी, मग डिझेल. या साखळीतला एक दुवा निखळला तरी संपलं. आणि गंमत म्हणजे एवढं मोठं धूड पुष्कळदा अडतं ते स्टार्टरच्या उतरलेल्या छोट्या बॅटरीपायी.

पुढे आपल्या भागाचे दिवस पालटले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली. वळसंगच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये चालू झाले. मग आता जनरेटरची काय गरज, असं कुणालाही वाटेल.

पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचीच वीज गेली. तेही ऐन कोरोनात, आयसीयू भरलेले असताना. रुग्णालयांनी किमान ८ तासांचं डिझेल जवळ ठेवावं, असं महापालिकेला सांगावं लागलं. शेवटी ग्रीड कितीही मोठी झाली तरी रुग्णालयात वीज येते ती गल्लीतल्या फीडरवरून, आणि त्याला झाडाची एक फांदीसुद्धा पुरते.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या इतिहासात खरा भरवसा यंत्रापेक्षा एका माणसाचा. दर आठवड्याला जनरेटर लोडवर चालवून बघणारा, बॅटरीचं पाणी आणि टाकीतलं डिझेल तपासून रजिस्टरमध्ये नोंद करणारा. त्याचं काम चोख झालं तर काहीच घडत नाही, त्यामुळे त्याला कुणी धन्यवादही देत नाही.

पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात जाल आणि दिवे क्षणभर मिचकावून पुन्हा लागतील, तेव्हा त्याची आठवण काढा. असो.