क्षेत्रीय ध्वनिमुद्रणयंत्राची सुधारणा आणि मराठीतील चवर्ग

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणाच्या रोमन लिप्यंतर-पद्धतीत मराठीतील दंततालव्य ‘च’ व ‘ज’ यांना तालव्य ‘च’, ‘ज’ यांहून वेगळी चिन्हे दिलेली होती. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, किंवा संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांना ‘चार’ ही आज्ञा, हा जो भेद देवनागरी लेखनात लुप्त होतो, तो या छापील पानावर दाखविण्याची सोय होती. पुढे १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणाच्या अनुषंगाने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ९७ भाषा व बोलींची २४२ ध्वनिमुद्रणे करण्यात आली. यांपैकी १९२५ च्या पूर्वीच्या काळातील मुद्रण-पद्धती कर्ण्याची होती. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या बळावरच सुई हलून मेणात खोदकाम होई, आणि दर सेकंदास सुमारे अडीच-तीन हजारांहून अधिक कंपने असलेला ध्वनी तबकडीवर जवळजवळ उमटतच नसे. दंततालव्य ‘च’मधील घर्षणाचा मुख्य भाग या मर्यादेच्या बराच वर, चार हजारांच्या पलीकडे असतो, आणि तालव्य ‘च’मधील घर्षणाचाही पुष्कळसा भाग तिच्या बाहेर जातो. अशा यंत्रासमोर ‘जग’ हा शब्द दोन्ही अर्थांनी उच्चारला, तर पुढील स्वराच्या आरंभी राहणारी ओझरती खूण वगळता भेद ओळखण्यास फारसे साधन उरत नाही. कानाने ऐकून हाताने लिहिलेल्या टिपणात जे टिकू शकत होते, ते यंत्राने गमावले.

क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा सामान्यतः यंत्रे लहान व हलकी होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळा आहे. ध्वनिमुद्रण ही अनेक दुव्यांची साखळी असते. बोलणाऱ्याचे मुख, मधली हवा, मायक्रोफोन, प्रवर्धक, यंत्राची गती आणि ध्वनी धरून ठेवणारे माध्यम हे ते दुवे होत. यांतील सर्वांत दुबळा दुवा जितके वाहून नेईल, तितकीच भाषा अभ्यासकाच्या हाती लागते. यंत्राची खरी सुधारणा झाली ती हा दुबळा दुवा कोणता हे ओळखले गेले तेव्हाच; इतर वेळी झाली ती खरेदी.

जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १८९० साली अमेरिकेतील मेन राज्यात पासामाक्वॉडी लोकांची भाषा व गीते मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा आरंभ येथून मानतात. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटांचे बोलणे मावे, आणि प्रत्येक वेळी ऐकताना मेण झिजत जाई. व्हिएन्ना येथे १८९९ मध्ये स्थापन झालेल्या ध्वनि-अभिलेखागाराने या झिजेवर उपाय म्हणून मेणाच्या तबकडीवरून धातूचा साचा काढता येईल असे स्वतंत्र यंत्र बनविले. माध्यमाचा दोष त्यामुळे दूर झाला, पण सर्व सरंजामासह यंत्राचे वजन सुमारे १२० किलो भरले. १९०१ साली ते क्रोएशिया, ब्राझील व लेस्बॉस बेट येथे नेण्यात आले. त्याला ‘वाहून नेण्याजोगे’ म्हणणे हमालांवर अवलंबून होते!

गतीच्या दोषावर बर्लिनच्या अभिलेखागारात योजलेला उपाय याहून शिकण्याजोगा आहे. नळकांडे किती वेगाने फिरले हे निश्चित ठाऊक नसेल, तर स्वराची मूळ उंचीही निश्चित करता येत नाही. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दर सेकंदास ४३५ कंपनांची स्वरशिट्टी वाजवावी असा प्रघात तेथे पाडण्यात आला. यंत्रातील एकही भाग न बदलता, एका शिट्टीच्या साह्याने, त्या मुद्रणांची शास्त्रीय किंमत वाढली. ऐकताना शिट्टीचा स्वर जुळवून घेतला की पुढील सर्व स्वर आपोआप जागेवर येत.

१९२५ पासून विद्युत-मुद्रण प्रचारात आले आणि वरच्या कंपनांची मर्यादा सुमारे दुप्पट झाली. परंतु विजेची यंत्रे अवजड होती. जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र ॲलन यांनी १९३३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतांसाठी जे तबकडी-यंत्र मोटारीत घालून नेले, त्याचे वजन ३१५ पौंड होते. चुंबकीय मुद्रणाची कल्पना डेन्मार्कच्या पौल्सेन यांनी १८९८ मध्येच सिद्ध केली होती; जर्मनीत १९३५ साली ध्वनिफितीचे यंत्र प्रदर्शनात मांडले गेले आणि १९४० मध्ये उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह फितीवर सोडण्याची युक्ती सापडल्यावर तिची खरखर एकदम उतरली. तरीही ही यंत्रे केंद्रातच वापरण्याची होती.

ती खांद्यावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने स्टेफान कुडेल्स्की यांना द्यावे लागते. वॉर्सा येथे जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकलेल्या या तरुण अभियंत्याने १९५१ मध्ये ‘नाग्रा’ हे यंत्र तयार केले. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा होतो. पहिल्या नाग्रात फीत ओढण्यासाठी घड्याळासारखी चावीची कमान होती, आणि कमान उलगडत जाते तसे तिचे बळ कमी होते, हा त्या रचनेचा अंगभूत प्रश्न होता. १९५८ च्या सुमारास आलेल्या नाग्रा-३ मध्ये ट्रान्झिस्टर, बॅटरीवरील विद्युत-चलित्र आणि स्वतःच्या गतीची सतत तपासणी करून ती दुरुस्त करणारी इलेक्ट्रॉनिक योजना या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. फितीची गती शेकडा एकने ढळली तर २०० कंपनांचा स्वर दोन कंपनांनी ढळतो. गद्य ऐकणाऱ्यास हे जाणवणार नाही, परंतु ज्या भाषांत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, त्यांच्या अभ्यासकाला हाच ढळ निवेदकाच्या उच्चारातील वाटू शकतो. नाग्रा-३ ने हा संशय बव्हंशी दूर केला. १९६१ मध्ये जर्मनीच्या ऊहर कंपनीचे ‘४००० रिपोर्ट’ हे अधिक हलके यंत्र आले.

या यंत्रांत फितीच्या अनेक गती उपलब्ध असत, आणि येथे चवर्गाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गती निम्मी केली की तीच फीत दुप्पट वेळ पुरते, पण वरची कंपने त्या प्रमाणात क्षीण होतात. अपुऱ्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधनात फितीची काटकसर करावी लागली की त्या काटकसरीचा भार प्रथम घर्षक व स्पर्शघर्षक व्यंजनांवर पडे. सेकंदास १९ सेंटिमीटर गतीने घेतलेल्या मुद्रणातील ‘च’ आणि सर्वांत मंद गतीने घेतलेल्या मुद्रणातील ‘च’ यांची तुलना करून दोन बोलींतील भेदाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले, ही तिची मोठी कामगिरी होय. परंतु तिची फीत अरुंद, गती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर, आणि स्वस्त यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची व्यवस्था असे. निवेदक थांबला की यंत्र पातळी वाढवी आणि पंख्याची घरघर पुढे येई. त्याने शब्द जोराने उच्चारला की यंत्र तो दाबून टाकी. बलाघाताच्या अभ्यासाला ही सोय मारक ठरली. १९८७ मधील अंकीय फितीने खरखर व गतीचा ढळ हे दोन्ही दोष जवळजवळ संपविले. उलट १९९२ च्या मिनिडिस्कने कानाला न जाणवणारा भाग गाळून माहिती सुमारे एक-पंचमांशावर आणली. कानाला जे जाणवत नाही ते विश्लेषकालाही नकोच असेल, हे गृहीतक संगीतापुरते ठीक होते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्मृतिपत्रिकेवर मुद्रण करणारी यंत्रे आली. आता माध्यम सर्वांत भक्कम दुवा झाले. सोळा बिटांच्या मुद्रणास तत्त्वतः ९६ डेसिबेलांचा पल्ला मिळतो, चोवीस बिटांस १४४. दुबळेपणा सरकला तो मायक्रोफोन आणि त्यालगतच्या प्रवर्धकाकडे. मरँट्झच्या पीएमडी ६६० सारख्या, क्षेत्रकार्यात पुष्कळ वापरल्या गेलेल्या यंत्राचा प्रवर्धक हळू आवाजासाठी खरखरीचा आहे, असा बोभाटा झाला, आणि अमेरिकेतील काही कार्यशाळा तो उघडून त्यातील घटक बदलून देऊ लागल्या. जुने यंत्र टाकून न देता त्यातील नेमका दुबळा भाग बदलण्याचे हे उत्तम उदाहरण होय. खरखर कमी असलेला बाह्य प्रवर्धक जोडणे हा त्याचाच दुसरा मार्ग. मराठीतील म्ह, न्ह, ल्ह या महाप्राण ध्वनींत स्वराबरोबर जो श्वास वाहतो, तो इतका हळुवार असतो की यंत्राची खरखर त्यात सहज मिसळते आणि मोजमापात श्वास म्हणून गणली जाते.

तथापि प्रवर्धक बदलण्यापूर्वी मायक्रोफोन हलविणे अधिक फलदायी असते. मोकळ्या जागेत तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सहा डेसिबेलांनी वाढते, आणि यंत्राची व भोवतालची खरखर मात्र आहे तेथेच राहते. टेबलावर दोन हातांवर ठेवलेले यंत्र आणि ओठांपासून वीतभर अंतरावर, श्वासाच्या थेट झोताबाहेर धरलेला साधा मायक्रोफोन, यांत दुसऱ्याचेच पारडे जड ठरते. पत्र्याच्या छपराखालच्या उघड्या भिंतींच्या खोलीत घुमणारा आवाज तर कोणताही प्रवर्धक वेगळा काढू शकत नाही. दोरीवर टाकलेल्या चार गोधड्या तेथे यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त काम करतात. २०१९ मध्ये आलेल्या झूम एफ-६ सारख्या यंत्रांनी बत्तीस बिटांच्या तरत्या बिंदूचे मुद्रण सुलभ केल्याने पातळी चुकण्याचे भय बव्हंशी उरले नाही, परंतु घुमारा व अंतर यांना ती यंत्रेही स्पर्श करीत नाहीत.

सर्वेक्षणाच्या त्या जुन्या तबकड्या आता अंकीय रूपात ऐकावयास मिळतात. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे कार्ल हेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या प्रकाशीय पद्धतीने तडा गेलेली नळकांडीही सुई न टेकविता वाचता येतात. मेणात जे कोरले गेले ते अशा रीतीने पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येते. दंततालव्य ‘च’चे घर्षण त्या मेणात कोरलेच गेले नव्हते, आणि त्याच्यासाठी आजही १९०५ च्या छापील खंडाकडेच वळावे लागते.