खानदेशातील घरगुती अन्नपरिरक्षण : वाळवण, डबाबंदी आणि मध

प्रस्तावना :

अन्नाचा इतिहास बहुधा शेती, दुष्काळ आणि व्यापार यांच्या अंगाने लिहिला गेला. पीक हाती आल्यानंतर ते वर्षभर टिकवण्याचे काम घरातील स्त्रिया करीत. त्याची नोंद महसुली कागदपत्रांत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात भुसावळ व परिसराच्या संदर्भात घरगुती अन्नपरिरक्षणाचे ज्ञान कोणत्या मार्गांनी आले, त्यातील काय रुजले व काय रुजले नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. डबाबंदी आणि मधातील परिरक्षण या दोन पद्धतींचा त्यात विशेष विचार केला आहे.

वाळवणाची परंपरा :

तापी-पूर्णेच्या या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हवा कोरडी असते. याच उन्हाला येथील गृहिणींनी साधन केले. ज्वारी भिजवून, दळून, शिजवून केलेले बिबडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, शेवया आणि डाळीचे वडे यांची बेगमी पावसाळ्यापूर्वी होत असे. गवार, मेथी, वांगी या भाज्याही वाळवून ठेवल्या जात. कैरीचे लोणचे आणि गुळांबा चिनी मातीच्या बरणीत भरून तोंडाला दादरा बांधला जाई.

या कामाची कोणतीही शाळा नव्हती. चीक किती दिवसांनी काढावा, पापडाचे पीठ किती कुटावे, बरणी कोरडी आहे हे कसे ओळखावे, हे सासू-सुनेने व शेजारणींनी अंगणात एकत्र बसून शिकायचे आणि शिकवायचे. लेवा गणबोली व अहिराणी या बोलींतून ते पुढच्या पिढीकडे गेले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठीत पाककृती छापील रूपात येऊ लागल्या. तथापि ग्रामीण खानदेशातील स्त्रीच्या दृष्टीने पुस्तकापेक्षा अंगणच अधिक प्रमाण होते.

डबाबंदीचे शास्त्र आणि आगमन :

डबाबंदीचा प्रवास याच्या उलट झाला. फ्रान्समधील निकोलस ॲपर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ते उकळत्या पाण्यात तापवण्याची पद्धत शोधली. १८१० मध्ये त्याला शासनाकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. अन्न का टिकते याचा उलगडा मात्र सुमारे अर्ध्या शतकानंतर लुई पाश्चर यांच्या संशोधनातून झाला. म्हणजे येथेही कृती आधी आणि सिद्धान्त नंतर, हाच क्रम होता. अमेरिकेत १९१० च्या सुमारास मुलींच्या टोमॅटो डबाबंदी मंडळांतून हे ज्ञान शेतकरी कुटुंबांत पोहोचले. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अशा विस्तारकार्याला सरकारी आधार मिळाला.

भारतात हे ज्ञान संस्थांमार्फत आले. म्हैसूर येथे १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने विक्रीच्या जॅम, सरबत, मुरंबा इत्यादींसाठी परवाना व प्रमाणके ठरवली. गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमांतून जॅम, जेली व स्क्वॅश मध्यमवर्गीय घरांत आले. रेल्वे जंक्शनमुळे भुसावळात अनेक प्रांतांतील कुटुंबे एकत्र राहू लागली होती. खाद्यपदार्थांच्या देवाणघेवाणीला अशी वस्ती अनुकूल असते. असे असूनही खऱ्या अर्थाने डबाबंदी येथील घरात रुजली नाही.

याची कारणे व्यावहारिक होती. ऊन फुकट होते, तर डबे व ते मिटवण्याचे यंत्र यांना पैसा लागे. दुसरे कारण आम्लतेचे आहे. ज्या अन्नाचा सामू ४.६ पेक्षा अधिक असतो, त्यात हवाबंद अवस्थेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू घातक विष निर्माण करू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याने हमखास मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान द्यावे लागते. आंबट कैरी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. पिकलेल्या केळीचा सामू मात्र साधारणतः ४.५ ते ५.२ असतो. म्हणजे या भूमीचे मुख्य फळच साध्या घरगुती डबाबंदीस अडचणीचे ठरते. त्यात सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस योग्य प्रमाणात घालावा लागतो, आणि हे प्रमाण अंदाजाने ठरवता येत नाही.

मध : परंपरा आणि शास्त्र :

सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाज आग्या मोहोळाचा मध गोळा करीत आले आहेत. वर्धा येथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मधमाशीपालनाला ग्रामोद्योगाचे स्थान मिळाले. भुसावळजवळील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. या प्रदर्शनाच्या रूपाने ग्रामोद्योगाचा विचार खानदेशाच्या दारी आला. पुढे १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

मध स्वतः टिकतो, कारण त्यात पाणी साधारणतः २० टक्क्यांहून कमी असते व तो आम्लधर्मी असतो. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई असताना अमेरिकेत फळांच्या डबाबंदीसाठी साखरेऐवजी मधाचा पाक वापरला गेला. आयुर्वेदाची रीत निराळी आहे. चरकसंहितेत मध तापवणे निषिद्ध मानले असून च्यवनप्राशासारख्या अवलेहात तो पाक निवल्यावर घालण्यास सांगितले आहे. आपल्याकडे मधाचा उकळता पाक का रूढ झाला नाही, याचे एक कारण या धारणेत असावे.

येथे सावधगिरीची एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. रसदार फळ किंवा लसूण मधात घातल्यास त्यातील पाणी मधात उतरते आणि मधाची टिकवण्याची शक्ती घटते. 'मधात घातले म्हणजे टिकले' हा समज म्हणूनच पुरेसा नाही. तसेच मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, त्यामुळे एक वर्षाखालील बालकास तो देऊ नये, असे आधुनिक वैद्यक सांगते. नवजात बालकास मध चाटवण्याची रूढी आजही अनेक घरांत पाळली जाते, हे लक्षात घेता या मुद्द्याचे महत्त्व कळते.

घराकडून बाजाराकडे :

१९५९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या लिज्जत पापडच्या उपक्रमाने वाळवणाचे घरगुती कौशल्य हे स्त्रियांच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकते, हे सिद्ध केले. जळगावात १९७८ मध्ये केळी-भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेऊन भवरलाल जैन यांनी तेथे पपईपासून पपेन काढण्यास प्रारंभ केला. केळीवरील प्रक्रिया किती अवघड होती, याची ही घटना बोलकी साक्ष देते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने फळ टिकत नाही. भाव कोसळला की माल बांधावरच राहतो. पाल येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था व महिला बचत गट यांच्या प्रक्रिया-प्रशिक्षणाचे मोल अशा वेळी जाणवते. २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायद्याची अंमलबजावणी सुरू झाल्याने विक्रीसाठी नोंदणी अथवा परवाना अनिवार्य झाला आहे. त्यामुळे अंगणातील कौशल्याला आता लेबल, वजन आणि तारीख यांची भाषाही शिकावी लागते.

समारोप :

खानदेशातील स्त्रीने नवे ज्ञान नाकारले, असे या विवेचनावरून म्हणता येत नाही. हवामान, खर्च आणि फळाचा गुणधर्म पाहून तिने त्यातून निवड केली. वाळवणाचे ज्ञान अनुभवसिद्ध होते व त्यातील चूक वासाने, बुरशीने कळत असे. हवाबंद डब्यातील विषाला मात्र नेहमीच रंग वा वास असतो असे नाही. तेथे सामूचे व तापमानाचे मोजमाप अपरिहार्य ठरते. म्हणून या दोन ज्ञानपरंपरा परस्परपूरक मानणे इष्ट होय. बिबडे व कुरडया करणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे ज्ञान त्यांच्याच बोलीत मौखिक इतिहास म्हणून नोंदवण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व गृहविज्ञान विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे. ही पिढी सरल्यावर त्या ज्ञानाचा दुसरा दप्तरखाना उपलब्ध होणार नाही.