पडदे रंगवणाऱ्यांचा कॅमेरा

1918 साली कोल्हापुरात चित्रपटाचा एक कॅमेरा तयार झाला. तो घडवणाऱ्यांत इंजिनिअर कोणीच नव्हता. नाटकांचे पडदे रंगवणे हा त्या मंडळींचा धंदा होता.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ. घराण्यात हत्यारे हाताळण्याची परंपरा होती. चित्रकला आणि शिल्पकला मात्र बाबूराव स्वतःच शिकले. 1910 ते 1916 या वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांच्या पडद्यांसाठी या दोघांचे नाव इतके झाले, की मेस्त्री आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. हे काम नुसते कुंचल्याचे नव्हे. सपाट कापडावर राजवाड्याची खोली भासवायची, दिव्यांच्या उजेडात कोणता रंग मरेल आणि कोणता उठेल हे आधीच ताडायचे, शेवटच्या रांगेतून काय दिसेल याचा हिशेब ठेवायचा. पुढे भिंगाशी गाठ पडली तेव्हा हाच हिशेब कामी आला.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना सिनेमाने झपाटले. फाळकेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून, छायाचित्रण आणि शिळाछाप अशा वाटा धुंडाळत तिथवर आले होते. पण त्यांनी कॅमेरा विलायतेहून आणला. कोल्हापूरकरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर घेतला, खेळ दाखवले आणि ते करता करता यंत्राचा अभ्यास चालवला.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचे मर्म एकच आहे. फिल्म सरळ धावून चालत नाही. ती एक चौकट पुढे सरकायची, क्षणभर अगदी निश्चल थांबायची आणि पुन्हा सरकायची. सरकताना झडप बंद, थांबल्यावर उघडी. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडत असे आणि तेही हाताने दांडा फिरवून. फिल्मच्या कडेची भोके दात्यांशी किंचित जरी चुकली, तरी चित्र थरथरते. असे यंत्र घरच्या घरी करायला घेणे म्हणजे धाडसच!

दोघा भावांनी ते घेतले. 1916 मध्ये कॅमेऱ्याचे काम अर्धवट असतानाच आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते पुरे केले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा 'सैरंध्री' 1920 मध्ये पुण्यात झळकला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता, की सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना सुवर्णपदक दिले.

गंमत अशी, की रंगवलेल्या पडद्यांवर नाव कमावलेल्या माणसानेच सिनेमातून रंगवलेले पडदे हद्दपार केले. बाबूरावांनी भरीव, वावरता येतील असे सेट उभारले, पात्रांचे पोशाख आणि हालचाली आधी कागदावर रेखाटल्या, 'सिंहगड'साठी (1923) कृत्रिम प्रकाश वापरला आणि जाहिरातीची पोस्टरेही स्वतः रंगवली. कॅमेऱ्याचे कौतुक सगळे करतात. मला ही रेखाटने तितकीच मोलाची वाटतात.

कंपनीत कामाच्या कप्प्यांना भिंती नव्हत्या. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून राबलेला शांताराम वणकुद्रे इथे पडेल ते काम करत नट झाला. 1925 च्या 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी तोच. 1929 मध्ये तो, दामले, कंपनीतलेच फत्तेलाल आणि आणखी दोघे बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली. बोलपट आल्यावर पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेल्या दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली. फत्तेलाल कलादिग्दर्शनात रमले. 1936 मध्ये दोघांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला.

बाबूरावांना मात्र आवाजाचे अप्रूप नव्हते. इतक्या कष्टाने घडवलेली चित्रांची भाषा बोलण्याच्या गलबल्यात बुडेल, अशी त्यांना धास्ती होती. ही निव्वळ हेकेखोरी म्हणता येणार नाही. सुरुवातीचे कित्येक बोलपट खरोखरच मायक्रोफोनभोवती खिळून राहिले होते. बाबूराव पुन्हा कुंचला आणि मातीकडे वळले, तरी सिनेमा पुरता सुटला नाही. 1936 मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला. 1947 मध्ये 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनात ते होते, तेव्हा चित्रसंस्था होती 'राजकमल' आणि तिचे मालक होते हुबळीहून आलेले ते फिटर.